दलालीच्या ऑफिसात व्हर्च्युअल असिस्टंट : ठाणे-नवी मुंबईत आठ महिने वापरल्यानंतर

आधी कामाचं स्वरूप. रीसेल आणि भाड्याची घरं, ठाणे पश्चिम आणि ऐरोलीपासून खारघरपर्यंतचा पट्टा. ऑफिसात दोन माणसं आणि बाहेरगावाहून घरबसल्या काम करणारी एक असिस्टंट. मराठी-हिंदी दोन्ही सफाईनं बोलणारी, वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७, सुट्टी सोमवारी. रविवारी सुट्टी देऊ नका. साइट व्हिजिटचा खरा दिवस तोच असतो, आणि त्याच दिवशी चावी, पत्ता, वेळ सांभाळायला फोनवर माणूस लागतो.

पैसे वसूल होतात. पण बहुतेक जण ज्या कामासाठी असिस्टंट ठेवतात, त्या कामात नाही. नव्या लीडला, म्हणजे घराची चौकशी करणाऱ्याला, फोन करायला माणूस ठेवला आणि यादी जुनीच राहिली, तर ती असिस्टंट दिवसभर गेलेली घरं विकत बसते. भाड्याचा चांगला टू बीएचके मालकानं चार-पाच दलालांना सांगितलेला असतो. तो गेला की मालक कुणालाही कळवत नाही. ग्राहक अर्धा दिवस सुट्टी काढून येतो आणि खाली वॉचमन सांगतो, ‘कालच गेला.’ तो ग्राहक परत फोन उचलत नाही.

म्हणून पहिले पंधरा दिवस असिस्टंटला फक्त मालकांचे फोन द्या, ग्राहकांचे नाहीत. भाड्याच्या घरासाठी दर चार दिवसांनी, रीसेलसाठी दर पंधरा दिवसांनी. प्रश्न तीनच : घर अजून आहे का, रक्कम तीच आहे का, चावी कुणाकडे. गुगल शीटमध्ये ‘शेवटची खात्री’ नावाचा तारखेचा रकाना ठेवा आणि कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. मुदत उलटली की ओळ लाल. लाल ओळीतलं घर कुठल्याही ग्राहकाला पाठवायचं नाही, मग ग्राहक कितीही घाईत असो. या एका नियमानं जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानंही पडत नाही. शिवाय पंधरा दिवसांत असिस्टंटला माल तोंडपाठ होतो.

बाहेरगावच्या माणसाचं अडतं ते भूगोलावर. ‘सेक्टर १९’ एवढंच लिहिलं तर ते घर नेरुळला, खारघरला की कोपरखैरण्याला, काहीच कळत नाही. नवी मुंबईत नोडचा (नेरुळ, खारघरसारख्या उपनगराचा) रकाना आधी, सेक्टर नंतर, आणि नोड हाताने टाइप करायचा नाही, यादीतून निवडायचा. ठाण्यात ‘घोडबंदर रोड’ हा शब्द शीटमधून काढूनच टाका. माजिवड्याजवळचं घर आणि ओवळ्याचं घर एकाच नावाखाली गेलं की भाडंही चुकतं आणि ग्राहकही. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असे तुकडे करा. पूर्व-पश्चिम वेगळा रकाना, कारण नेरुळ पूर्वेचं घर पश्चिमेचं म्हणून सांगितलं तर ग्राहक स्टेशनच्या चुकीच्या बाजूला उतरतो.

व्हिजिटच्या वेळांचंही तेच. दुपारी मॅपवर पाहून कासारवडवली ते कळवा अर्ध्या तासाचं अंतर वाटतं. संध्याकाळी सात वाजता ते खरं नसतं. मॅपमध्ये ‘निघण्याची वेळ’ टाकूनच अंतर बघायला शिकवा आणि एका संध्याकाळी एकाच पट्ट्यातल्या व्हिजिट लावा. व्हिजिटच्या दोन तास आधी एक फोन ग्राहकाला, एक चावी असलेल्या माणसाला. दुसरा फोन विसरला जातो, आणि बंद दारासमोर उभं राहायची वेळ त्यामुळेच येते.

क्षेत्रफळ फोनवर विचारून शीटमध्ये भरू देऊ नका. मालक ‘साडेसहाशे कार्पेट’ (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) म्हणतो, त्याच्या डोक्यात बिल्टअप (भिंतींसकट) असतं. अ‍ॅग्रीमेंटच्या पानाचा किंवा इंडेक्स टूचा (नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्याचा) फोटो मागवायचा. तिथे ४५.२० चौ. मी. कार्पेट असेल तर १०.७६४ ने गुणून सुमारे ४८६.५ चौ. फूट येतात. इंडेक्स टूवर कधी बिल्टअपही लिहिलेलं असतं, म्हणून आकड्यासोबत प्रकारही नोंदवायला लावा. नवी मुंबईच्या रीसेलमध्ये आणखी दोन रकाने लागतात : जमीन सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची), साडेबारा टक्के योजनेतली (जमीन गेलेल्या गावकऱ्यांना परत दिलेली) की गावठाणातली, आणि ओसी, म्हणजे इमारतीचा भोगवटा दाखला, आहे का. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे ट्रान्सफरचा, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर करण्याचा, प्रश्न शेवटी निघतोच. तो टोकननंतर निघाला तर व्यवहार लांबतो, कधी तुटतो. कर्जावर घर घेणाऱ्याला ओसी नसलेली गावठाणातली इमारत दाखवणं म्हणजे दोघांचाही दिवस वाया.

लीडच्या बाबतीत मुख्य त्रास दुबार नावांचा. एकच माणूस दोन पोर्टलवरून (घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवरून) येतो, एकदा नंबरापुढे +९१ असतं, एकदा शून्य, एकदा मध्ये जागा. शीटमध्ये जागा काढून शेवटचे दहा अंक वेगळ्या रकान्यात घ्या आणि त्यावर काउंटइफ (एकच नंबर किती वेळा आलाय ते मोजणारं सूत्र) लावा. दुबार लगेच दिसतात. नाहीतर एकाच ग्राहकाला सकाळी असिस्टंट आणि दुपारी ऑफिस फोन करतं, तेही दोन वेगवेगळी भाडी सांगून.

पोर्टलवरची लीड एकाच वेळी अनेक दलालांना जाते, म्हणून पहिला फोन दहा मिनिटांत व्हायला हवा. फोनवर बजेट, नोड, कधी राहायला यायचं, फॅमिली की बॅचलर, गाडी आहे का, एवढं विचारायचं आणि तीनच घरं पाठवायची. दहा पाठवली तर ग्राहक एकही नीट बघत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप असिस्टंटच्या लॅपटॉपला जोडता येतं. मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात. मुख्य फोन चौदा दिवस वापरात नसेल तर जोडलेली उपकरणं लॉगआउट होतात, त्यामुळे ते सिम ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून पहिल्याच फोनवर ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ हे सांगणं असिस्टंटच्या संवादात लिहून द्यायचं. नव्या नंबरवरून अनोळखी लोकांना घाऊक मेसेज टाकले की नंबर बंद होतो. सोबत सगळे जुने चॅटही अडकतात.

जाहिराती असिस्टंट छान बनवते, पण एकही जाहिरात न तपासता जाऊ देऊ नका. नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. नवी मुंबई दोन जिल्ह्यांत विभागलेली आहे, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा, खारघर-पनवेल-उलवे रायगड. जुन्या नोंदणीत ठाण्याचे क्रमांक पी५१७ ने, रायगडचे पी५२० ने सुरू होतात. खारघरच्या पोस्टरवर पी५१७ दिसलं तर कॉपी-पेस्टची चूक आहे असं समजा. ‘मेट्रोजवळ’ हा शब्दही तपासा. बेलापूर-पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावते. जे अजून बांधकामात आहे ते चालू असल्यासारखं लिहिणं ग्राहकाची फसवणूक आहे.

भावाची बोलणी असिस्टंटकडे कधीही नाहीत. रेरा कायद्यातली एजंटची व्याख्या रुंद आहे, कुठल्याही माध्यमातून मध्यस्थी करणारा त्यात येतो, म्हणजे फोनवर भाव ठरवणारी असिस्टंटही त्यात धरली जाऊ शकते. शिवाय दोन लाख कमी होतील का, हे मालकाच्या आवाजावरून ओळखावं लागतं. असिस्टंटचं वाक्य ठरलेलं असावं : ‘रक्कम मालकाशी बोलून सर कळवतील.’

कागदपत्रांत मात्र तिचा मोठा आधार. लिव्ह अँड लायसन्सची (भाडेकराराची) ऑनलाइन भरणी ती शांतपणे करते. महिना ३०,००० भाडं, १,००,००० डिपॉझिट, ११ महिने असेल तर एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के व्याज धरून त्यावर ०.२५ टक्के, म्हणजे मुद्रांक शुल्क साडेआठशेच्या घरात. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. चुका होतात त्या नावात : आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं. बायोमेट्रिकच्या आदल्या दिवशी दोन्ही पक्षांना मसुदा वाचायला पाठवायचा. विक्रीचा व्यवहार ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर खरेदीदारानं १ टक्का टीडीएस कापायचा असतो, त्याची आठवण कॅलेंडरात तिनेच टाकायची.

मोबदला दरमहा ठरलेला, त्यावर प्रत्यक्ष झालेल्या व्हिजिटमागे थोडी रक्कम. ‘ठरलेल्या’ व्हिजिटमागे देऊ नका. मग नुसती होकार मिळवलेली नावं कॅलेंडरात भरतात आणि ग्राहक येत नाही. व्यवहारावर टक्केवारी तर मुळीच नको, ती ठेवली की घर गेल्याचं कळूनही ग्राहकाला बोलावलं जातं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पासवर्डकडे. पोर्टलचा ओटीपी ऑफिसच्या फोनवर येतो आणि असिस्टंट अर्धा तास अडून बसते, म्हणून लोक स्वतःचं सिम देऊन टाकतात. तसं करू नका. पोर्टलसाठी वेगळं सिम, साध्या अँड्रॉइडमध्ये, ऑफिसातच. बँक आणि महारेराचं लॉगिन कधीच द्यायचं नाही. ग्राहकांचे आधार-पॅन चॅटमध्ये साठू देऊ नका. एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये ठेवा आणि व्यवहार झाला की असिस्टंटची परवानगी काढा. शीटमध्ये मालकांच्या नंबरांचा रकाना संरक्षित करा, म्हणजे तो चुकून पुसला जाणार नाही. पण बघता येतं ते कॉपीही होतं, म्हणून आठवड्याला लागतील तेवढीच नावं वेगळ्या शीटवर द्या. आणि ज्या दिवशी ती काम सोडेल त्या दिवशी, शेवटचा पगार पाठवण्याआधी, व्हॉट्सअ‍ॅपची जोडलेली उपकरणं, ड्राइव्ह, शीट, पोर्टल, कॅलेंडर, या क्रमाने पाचही ठिकाणचा प्रवेश बंद करा.