संकेतांकांना नावे देणारे प्रॉक फॉरमॅट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदी मी गेल्या ऑगस्टमध्ये बंदीकाळ उठल्यापासून सॅस या सांख्यिकी प्रणालीत ठेवत आहे. जाळ्यांच्या प्रकारांना आमच्याकडे संकेतांक आहेत. संकेतांकांना नावे जोडणारी सॅसची आज्ञावली म्हणजे प्रॉक फॉरमॅट; तिच्या व्हॅल्यू विधानात १ म्हणजे ट्रॉल, २ म्हणजे पर्ससीन, ३ म्हणजे रापण असे एकदा लिहिले की तक्त्यांत नावे उमटतात आणि मूळ आकडे जसेच्या तसे राहतात. पूर्वी मी नावे हाताने भरत असे. तेव्हा ‘म्हाकूल’ आणि ‘म्हाकुळ’ अशा दोन लेखनांमुळे एकाच मासळीची बेरीज दोन ओळींत विभागली जाई. तो त्रास पूर्णपणे संपला.

खरी काळजी घ्यावी लागते ती गटांच्या सीमांची. बांगड्याच्या लांबीसाठी मी १० ते १४ आणि १५ ते १९ सेंटिमीटर असे गट केले होते. १४.६ सेंटिमीटरचा बांगडा त्यांपैकी कशातच बसला नाही आणि तक्त्यात त्याची स्वतंत्र ओळ आली. ‘१०-<१५’ असे लिहिले की वरची सीमा वगळली जाते व मध्ये फट राहत नाही. अशी फट ‘अदर’ने, म्हणजे कोणत्याही गटात न बसणाऱ्या सर्व नोंदींना एकच नाव देऊन, बुजवणे मात्र घातक आहे, कारण रिकाम्या नोंदींना वेगळे नाव दिलेले नसेल तर त्याही ‘अदर’मध्ये जातात, आणि मग नोंदी मोजून तक्ते करणारी प्रॉक फ्रेक ही आज्ञावली तो संपूर्ण गटच रिकामा मानून टक्केवारीतून वगळते, म्हणजे नीट मोजलेले मासेही हिशेबातून जातात.

आकडे कसे छापायचे ते ठरवणाऱ्या पिक्चर विधानाने विक्रीची रक्कम १२,३४,५६७ अशी, आपल्या लाखांच्या पद्धतीने छापता येते, याचे मला फार समाधान आहे. मात्र ‘राउंड’ हा पर्याय न दिल्यास अपूर्णांक छाटला जातो, आणि ऋण आकड्यांसाठी वजाचे चिन्ह वेगळे न दिल्यास तोटा नफ्यासारखा दिसतो.

मासळीच्या जातींची लांब यादी मी हाताने लिहीत नाही. संकेतांक आणि नाव असे रकाने असलेली सारणी ‘सीएनटीएलइन’मधून, म्हणजे सारणीवरून फॉरमॅट बनवणाऱ्या पर्यायातून, देतो. देवनागरी नावांसाठी सॅसचे सत्र यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात चालवावे लागते. लायब्ररी (साठवण्याची कायमची जागा) न सांगता केलेले फॉरमॅट सत्राबरोबर नाहीसे होतात, म्हणून नोंदी कोणालाही पाठवताना मी ही सारणीही सोबत पाठवतो.