भाच्यासाठी कुठला गेम? सिम्स, क्रुसेडर किंग्ज, ड्वार्फ फोर्ट्रेस की रिमवर्ल्ड

राजारामपुरीतला माझा भाचा सुट्टीत एकच गेम घेणार आहे. त्याची अट अशी, की आधीच लिहून ठेवलेली गोष्ट नको, खेळता खेळता आपली गोष्ट घडली पाहिजे. चार नावं काढून तो माझ्याकडं आला. चारही मी खेळलोय, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं मांडतो.

सिम्स ४, म्हणजे माणसांची घरं-संसार चालवायचा गेम, आधी, कारण मूळ गेम २०२२ पासून फुकट आहे. जादा पॅक मात्र विकतचे, आणि ते घेत सुटलं की खिसा रिकामा होतो. यातली माणसं सिम्लिश नावाची, कुठल्याच शब्दाला अर्थ नसलेली भाषा बोलतात. स्वयंपाकघरात सासू-सुना काय बोलल्या ते तुम्हीच मनात रचायचं. मला हे फार आवडतं. पण इथं बहुतेक सगळं तुमच्याच मर्जीनं होतं, आणि भाच्याला धक्के हवेत.

क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये (२०२०) तुम्ही एक राजा नाही, अख्खं घराणं खेळता. राजा गेला की त्याचा वारस तुम्ही. स्वभावाविरुद्ध वागलात तर ताण चढतो. दयाळू राजाकडून कैदी मारून घेतलेत तर तो पुढं दारूच्या आहारीही जाऊ शकतो. कोल्हापूरकराला हे वेगळं समजवावं लागत नाही. ताराबाईंनी १७१० मध्ये इथं वेगळी गादी मांडली आणि १७१४ मध्ये त्यांची सवत राजसबाईंनी त्याच गादीवर आपला मुलगा, दुसरा संभाजी, बसवला. सवती, वारसा, आतून फुटलेले सरदार, हा गेम नेमका यावर चालतो. तो १४५३ ला संपतो, त्यामुळं ताराबाईंचा काळ त्यात नाही. पण नकाशात भारत आहे, आणि पन्हाळा बांधणाऱ्या शिलाहार भोजराजाचा काळ त्या चौकटीत बसतो. इंग्रजी मात्र पानंच्या पानं वाचावं लागतं.

ड्वार्फ फोर्ट्रेस सगळ्यांत खोल. टार्न आणि झॅक अॅडम्स हे दोघे भाऊ २००२ पासून तो घडवतायत. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयानं २०१२ मध्ये निवडलेल्या पहिल्या चौदा गेममध्ये सिम्ससोबत हाही होता. तुम्ही सुरुवात करण्याआधीच गेम त्या जगाचा शेकडो वर्षांचा इतिहास तयार करतो, मग सात बुटके घेऊन तुम्ही डोंगर पोखरायला लागता. फुकट आवृत्तीत चित्रांच्या जागी अक्षरं आणि चिन्हं. चित्रं हवीत तर २०२२ ची विकतची आवृत्ती. शिकायला मात्र चिकाटी लागते. सुट्टीतला बराच वेळ त्यातच जाईल.

माझं मत रिमवर्ल्डला. २०१८ मध्ये हा पूर्ण झाला. अनोळखी ग्रहावर तीन माणसं पडतात आणि वस्ती उभारतात. संकटं कधी पाठवायची हे ठरवणारे ‘कथाकार’ तीन: कॅसँड्रा ताण हळूहळू चढवते, फीबी मध्ये बराच श्वास घेऊ देते, आणि रँडीचा काही नेम नाही. माणसांची नावं बदलता येतात. माझ्या वस्तीतल्या स्वयंपाकिणीचं नाव मी आक्का ठेवलं होतं. हल्ल्यात तिचा नवरा गेला. तिचं मन इतकं ढासळलं की ऐन हिवाळ्यात ती काम टाकून भटकत राहिली आणि बाकीचे कच्चं खात बसले. पुढं वस्तीतल्या एकानं मूर्ती घडवली, तर तिच्यावर त्याच हल्ल्याचा प्रसंग. हे कुणी लिहिलं नव्हतं. मनःस्थिती, नाती, भूक, थंडी यांचे साधे नियम एकमेकांत अडकले आणि गोष्ट झाली. मी ती रंकाळ्यावर मित्रांना सांगितली, तर गेम न खेळणाऱ्यांनीही पुढं काय झालं ते विचारलं.

भाच्याला शेवटी म्हटलं, घेतलास तर कॅसँड्रा निवड आणि सुरुवातीलाच कमिटमेंट मोड लाव, म्हणजे मागं जाऊन चूक पुसता येणार नाही. आक्काचा नवरा परत आणता आला असता, तर ती मूर्ती घडलीच नसती.