थकलेला हॉलिडे पे आणि एकॅसची मोफत मध्यस्थी

तात्पुरते कामगार पुरवणाऱ्या एजन्सीने रजेचे पैसे (हॉलिडे पे) कमी दिले, तर ब्रिटनमध्ये ते मागण्यासाठी वकील करावा लागत नाही आणि फीही भरावी लागत नाही. इथे शिकायला येऊन आठवड्याच्या अखेरीस वेअरहाउसमध्ये, केअर होममध्ये किंवा हॉटेलच्या किचनमध्ये शिफ्ट करणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. हा मार्ग एकॅस या संस्थेतून जातो. अ‍ॅडव्हायझरी, कन्सिलिएशन अँड आर्बिट्रेशन सर्व्हिस असे लांबलचक नाव असलेली ही संस्था १९७५ पासून मालक आणि कामगार यांच्यातील तंटे मिटवण्याचे काम करते. तिचा खर्च सरकार उचलते, पण वादात ती कोणाचीच बाजू घेत नाही. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल या कामगार न्यायाधिकरणात दावा दाखल करण्यापूर्वी तिच्याकडून मिळणारी मध्यस्थी, म्हणजे अर्ली कन्सिलिएशन, मी स्वतः वापरली आहे आणि हे परीक्षण त्या सेवेपुरतेच आहे. माझे मत असे की जो कामगार हिशोब मांडून आणि तारखा पाहून येतो, त्याच्यासाठी ही सेवा अतिशय मोलाची आहे. जो केवळ अन्याय झाल्याची भावना घेऊन येतो, त्याच्या हातात ती फारसे काही ठेवू शकत नाही.

म्हणून आधी हिशोबच समजून घ्यायला हवा. १९९८ च्या वर्किंग टाइम रेग्युलेशन्सनुसार प्रत्येक कामगाराला वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा मिळते, आणि हा हक्क एजन्सीच्या तात्पुरत्या कामगारालाही पहिल्या दिवसापासून लागू असतो. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून रजेचे ५.६ आठवडे वजा केले की ४६.४ उरतात, आणि ५.६ ला ४६.४ ने भागले की १२.०७ टक्के हा आकडा येतो. १ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू झालेल्या रजा-वर्षांसाठी, ज्यांचे तास दर आठवड्याला बदलतात अशा कामगारांची रजा याच टक्केवारीने जमा होते. म्हणजे शंभर तास काम केले की सुमारे बारा तासांची पगारी रजा साठते. नियमांतील याच बदलाने एजन्सीला आणखी एक मुभा दिली. कामगार प्रत्यक्ष रजा घेईल तेव्हा पैसे देण्याऐवजी, प्रत्येक पगाराबरोबर त्या काळातील कमाईच्या १२.०७ टक्के रक्कम देता येते. मात्र ती पेस्लिपवर वेगळ्या ओळीत दाखवलीच पाहिजे, आणि तासाचा मूळ दर किमान वेतनाइतका भरतो की नाही हे पाहताना ती मोजता येत नाही.

गडबड होते ती नेमकी या शेवटच्या दोन अटींभोवती. काही ठिकाणी ‘दरात हॉलिडे पे धरलेला आहे’ एवढेच तोंडी सांगितले जाते आणि पेस्लिपवर तशी ओळच नसते. काही ठिकाणी ओळ असते, पण टक्केवारी पूर्ण कमाईवर न लावता फक्त मूळ दरावर लावलेली असते आणि रात्रपाळीचा भत्ता किंवा जादा तासांचे पैसे त्यातून गळालेले असतात. माझ्या एजन्सीने केले ते हेच. हा फरक डोळ्यांत भरत नाही, म्हणूनच तो महिनोन्महिने चालू राहतो. उदाहरणादाखल, २०२४-२५ च्या ११.४४ पाउंड या किमान दरावर तासाला दीड पाउंड रात्रपाळी भत्ता मिळणारा कामगार आठवड्यात ४० तास काम करतो असे धरू. त्याची पूर्ण कमाई ५१७.६० पाउंड होते आणि तिचे १२.०७ टक्के म्हणजे ६२.४७ पाउंड. एजन्सीने फक्त मूळ दराच्या ४५७.६० पाउंडांवर टक्केवारी लावली, तर हाती ५५.२३ पाउंड पडतात. आठवड्याला सव्वासात पाउंडांच्या आसपास असलेली ही तूट बसभाड्याइतकी वाटते, पण चाळीस आठवड्यांत ती २९० पाउंडांच्या घरात जाते, आणि एका गोदामात अशी शेकडो माणसे एकाच वेळी कामाला असतात. मला या प्रकरणात सर्वांत जास्त टोचले ते हेच की ज्याच्या रात्रीच्या झोपेच्या बदल्यात भत्ता दिला जातो, त्याचाच भत्ता रजेच्या हिशोबातून वगळला जातो.

एकॅसकडे जाण्यापूर्वी सगळ्या पेस्लिपा एकत्र करून त्यांचा तक्ता करावा. एप्रिल २०१९ पासून कामगारांनाही तपशीलवार पेस्लिप मिळण्याचा हक्क आहे, आणि पगार तासांवर अवलंबून असेल तर ते तास त्यात लिहिलेले असावे लागतात. शिवाय ६ एप्रिल २०२० पासून एजन्सीने नोंदणीच्या वेळी ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ नावाचा एक छोटा कागद देणे बंधनकारक आहे, ज्यात पगार कोण देणार, कोणत्या वजावटी होणार आणि रजा किती मिळणार हे लिहिलेले असते. हा कागद बहुतेकांच्या ईमेलमध्ये न वाचता पडून असतो. तो शोधून काढावा. नंतर एजन्सीच्या पेरोल विभागाला तक्ता जोडून साध्या शब्दांत पत्र लिहावे आणि उत्तरासाठी मुदत द्यावी. पुष्कळ प्रकरणे या टप्प्यावरच मिटावीत इतकी ती सरळ असतात. माझे मिटले नाही. उत्तर आले ते एका ओळीचे आणि हिशोबाला बगल देणारे.

यानंतरचा सगळा खेळ तारखांचा आहे. कमी दिलेल्या पगाराचा दावा, शेवटची कमी रक्कम ज्या दिवशी दिली गेली त्या दिवसापासून तीन महिन्यांतून एक दिवस कमी एवढ्या मुदतीत करावा लागतो. पैसे २८ फेब्रुवारी २०२५ ला जमा झाले असतील, तर मुदत २७ मे रोजी संपली. या मुदतीच्या आत एकॅसला कळवले की घड्याळ थांबते, आणि मध्यस्थी संपल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यावर दावा दाखल करायला किमान एक महिना हाती राहतो. पण मुदत आधीच उलटून गेली असेल, तर एकॅसकडे केलेला अर्ज ती परत जिवंत करत नाही. एजन्सीच्या ‘पुढच्या पेरोलमध्ये बघू’ या आश्वासनावर थांबून राहिलेल्यांचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. मागे किती काळापर्यंत जाता येते यालाही मर्यादा आहे. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये दावा दाखल केल्याच्या तारखेपासून मागची दोन वर्षे एवढेच पैसे मागता येतात. पूर्वी दोन कमी रकमांमध्ये तीन महिन्यांहून जास्त अंतर पडले की साखळी तुटते असे मानले जात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांच्या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले, आणि शिफ्टमध्ये खंड पडणाऱ्या एजन्सी कामगारांना त्याचा मोठा आधार झाला.

एकॅसचा ऑनलाइन अर्ज आश्चर्य वाटावे इतका छोटा आहे. आपले नाव-पत्ता आणि मालकाचे नाव-पत्ता एवढेच मुख्यतः लागते. तक्रारीचे पुरावे तिथे जोडावे लागत नाहीत. काळजी घ्यायची ती मालकाच्या नावाची. आपण ज्या गोदामात उभे राहून काम करतो ती कंपनी, आपल्याला पाठवणारी एजन्सी आणि पगार देणारी अम्ब्रेला कंपनी या तीन वेगवेगळ्या संस्था असू शकतात. पेस्लिपवर आणि करारावर ज्या नोंदणीकृत कंपनीचे नाव आहे ते अक्षरशः तसेच लिहावे, कारण पुढे न्यायाधिकरणात गेल्यास प्रमाणपत्रावरचे नाव आणि दाव्यातले नाव जुळावे लागते. फाटकावरच्या पाटीवर असलेले नाव आणि कायद्याच्या नोंदीतले नाव एकच असेल असे धरून चालू नये.

अर्ज गेल्यानंतर एकॅसकडून फोन येतो आणि दोन्ही बाजूंची तयारी असेल तर एक मध्यस्थ नेमला जातो. माझ्या प्रकरणातील मध्यस्थ शांत आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. माझे म्हणणे त्यांनी मध्येच न तोडता ऐकून घेतले, ते जसेच्या तसे एजन्सीपर्यंत पोहोचवले आणि तिकडचे उत्तर माझ्यापर्यंत आणले. मी कधीही एजन्सीच्या माणसाशी थेट बोलले नाही, आणि ज्यांना इंग्रजीत वाद घालण्याचे दडपण येते त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. या संभाषणात जे बोलले जाते ते बोलणाऱ्याच्या संमतीशिवाय न्यायाधिकरणात पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे तडजोडीचा आकडा सांगताना भीती बाळगण्याचे कारण नसते. एकॅसचे पत्र पोहोचल्यानंतर एजन्सीचा सूर बदलला, हे मी अनुभवाने सांगते. पेरोलमधल्या कारकुनाकडे अडलेला कागद आता कायदा जाणणाऱ्या कोणाच्या तरी टेबलावर गेला होता, आणि माझा तक्ता पाहिल्यावर रात्रपाळीच्या भत्त्यावरचा हिशोब नाकारणे त्यांना शक्य झाले नाही.

सेवेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. मध्यस्थ तुमचा वकील नसतो. समोरून आलेला प्रस्ताव चांगला आहे की वाईट, तुमचा दावा जिंकेल की हरेल, हे तो सांगत नाही आणि सांगूही शकत नाही, कारण त्याचे काम निष्पक्ष राहण्याचे आहे. एजन्सीला चर्चेला बसवण्याची सक्तीही एकॅसकडे नाही. तिने नकार दिला तर प्रमाणपत्र मिळते आणि मध्यस्थी तिथेच संपते. चर्चा चालू राहिल्यास पूर्वी सहा आठवड्यांचा काळ मिळत असे, १ डिसेंबर २०२५ पासून तो बारा आठवडे झाला आहे. माझ्या मते या वाढीने कामगाराचे हित साधलेच असे नाही, कारण टाळाटाळ करणाऱ्या एजन्सीलाही तेवढाच जास्त वेळ मिळतो. आकड्याबद्दल सल्ला हवा असेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ही मोफत सल्ला देणारी संस्था, विद्यापीठाचा विद्यार्थी सल्ला विभाग किंवा युनियन यांच्याकडे आधीच जावे.

सर्वांत जास्त सावधपणा तडजोडीच्या क्षणी हवा. मध्यस्थामार्फत तोंडी ‘मान्य आहे’ म्हटले तरी करार बंधनकारक होऊ शकतो. सीओटी३ हा करारनामा त्याची लेखी नोंद असतो. त्यात बहुतेक वेळा ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ अशा अर्थाचे व्यापक कलम घातलेले असते, आणि ते केवळ हॉलिडे पेपुरते मर्यादित करून मागण्याचा हक्क आपल्याला आहे. रक्कम किती दिवसांत मिळेल, ती करापूर्वीची आहे की करानंतरची, हे शब्दांत लिहून घ्यावे. रजेचे थकलेले पैसे हे वेतनच असल्याने त्यावर कर आणि नॅशनल इन्शुरन्स ही सामाजिक सुरक्षेची वजावट लागू शकते. हे माहीत नसले की खात्यात आलेली रक्कम पाहून फसवणूक झाल्यासारखे वाटते.

व्हिसाची भीती हे गप्प बसण्याचे सर्वांत मोठे कारण असते, असे मी आजूबाजूला पाहते. कष्टाचे राहिलेले पैसे मागणे हा व्हिसाच्या कोणत्याही अटीचा भंग नाही. रजेचा हक्क मागितला म्हणून शिफ्ट कमी करणे किंवा त्रास देणे याविरुद्धही कायद्याने कामगाराला संरक्षण दिले आहे. मात्र पदवी अभ्यासक्रमाच्या ज्या विद्यार्थ्याने टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा ओलांडली असेल, त्याने अर्ज करण्यापूर्वी जाणत्या सल्लागाराला सगळे खरे सांगून मगच पाऊल टाकावे, कारण पेस्लिपांवर ते तासही छापलेले असतात.

तडजोड झाली नाही तर प्रमाणपत्रावरचा क्रमांक घेऊन एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलचा ईटी१ हा दाव्याचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो. २०१३ मध्ये या दाव्यांवर फी लावण्यात आली होती, पण युनिसन या युनियनने दिलेल्या लढ्यानंतर जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, त्यामुळे तीनशे पाउंडांसाठीसुद्धा दाद मागणे परवडते. उत्तर आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांनी एकॅसकडे न जाता तिथल्या लेबर रिलेशन्स एजन्सीकडे अर्ज करायचा असतो.