द्राक्षबागेतलं हवामान यंत्र : छाटणीपासून खुड्यापर्यंतचा अनुभव

मागच्या सप्टेंबरात आम्ही बागेत हवामान यंत्र बसवलं. गोडी छाटणीपासून, म्हणजे घड यावेत म्हणून करतात त्या छाटणीपासून, माल निघेपर्यंत अख्खा हंगाम वापरून झाल्यावर हे लिहितेय. कंपनीचं नाव घालत नाही. असंच यंत्र देणारे बरेच जण निफाड-दिंडोरीत फिरतायत, आणि मला जे सांगायचंय ते कुणाकडूनही यंत्र घेतलं तरी कामी येईल.

आमची बाग कसबे सुकेण्याजवळ. अडीच एकर, थॉमसन जातीची द्राक्षं, वेली वाय आकाराच्या मांडवावर, शेवटच्या ओळी ओढ्याला लागून. लग्नाआधी मी नाशिकला मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलं, म्हणून घरात फवारणीची वही माझ्याकडे आली. त्याआधी ती आबांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे होती, आणि त्यांचा हिशोब सरळ होता: आभाळ आलं की मारा, नाही आलं तरी आठव्या दिवशी मारा.

यंत्र म्हणजे एक खांब. त्यावर पर्जन्यमापक, वाऱ्याच्या फिरत्या वाट्या, पांढऱ्या ताटल्यांच्या चवडीत तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर, मातीत दोन खोलींवर ओलाव्याचे सेन्सर, आणि पानाएवढी एक चपटी पट्टी. 42 हजार रुपये दिले. दुसऱ्या वर्षापासून ॲपचे वर्षाला साडेपाच हजार.

माझं स्पष्ट मत असं की हे पैसे वसूल होतात ते त्या पट्टीमुळे. बाकीचं सगळं असलं तर चांगलंच, पण त्यासाठी एवढा खर्च करू नका.

कारण डाऊनी, म्हणजे केवडा हा द्राक्षाचा रोग. आपण तिला बुरशी म्हणतो, पण हा रोग आणणारा प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हा जीव खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळाच्या जवळचा आहे. रात्रीचा अंधार आणि 95 टक्क्यांच्या वर आर्द्रता मिळाली की पानाच्या खालच्या बाजूला त्याच्या बीजाणूंच्या पिशव्या धरतात. त्या फुटल्या की आतून दोन शेपट्यांचे बीजाणू बाहेर पडतात आणि पानावरच्या पाण्याच्या थरात अक्षरशः पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. पाणी नसेल तर पोहणं नाही, आणि पोहणं नाही तर लागण नाही. 20 ते 25 अंशांत ओलं पान त्यांना काही तास मिळालं की काम झालं. म्हणून किती मिलिमीटर पडला यापेक्षा पान किती तास ओलं राहिलं हे मला जास्त महत्त्वाचं. दोन मिलिमीटर रिमझिम आणि वर दाट दव, ही रात्र मोठ्या सरीपेक्षा वाईट.

ती पट्टी हेच तास मोजते. तिच्यात तांब्याच्या बारीक रेषा कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकींत गुंतवलेल्या असतात, आणि त्यांच्यात विजेचा भार किती साठतो ते बघितलं जातं. या मोजमापात हवेचा आकडा 1 तर पाण्याचा 80 च्या आसपास, त्यामुळे दवाचा पातळ थर बसला तरी फरक लगेच दिसतो. मी ओला रुमाल टेकवून बघितला, काही सेकंदांत आलेख वर. रुमाल काढून पट्टी पुसली, आलेख खाली. घ्यायच्या आधी तुम्हीही हे समोर करून बघा.

आता तक्रार. बसवायला आलेल्या मुलाने पट्टी खांबाच्या टोकाला लावली, जमिनीपासून आठ फुटांवर, उघड्यावर, तोंड दक्षिणेला. मी विचारलं तर म्हणाला, सगळीकडे असंच बसवतो ताई. मी ऐकलं. छाटणीला 31 दिवस झाले असताना, घड फुलोऱ्याच्या तोंडावर असताना, दोन रात्री रिमझिम झाली. ॲपने सांगितलं, पट्टी सकाळी 7 वाजून 10 मिनिटांनी कोरडी, धोका कमी. मी 9 वाजता ओढ्याकडच्या ओळीत शिरले तर माझ्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. वरचं उन्हाने सुकलं होतं, कॅनॉपीच्या, म्हणजे पानांच्या छताच्या आत पानांवरून पाणी गळत होतं.

पाच दिवसांनी त्याच ओळीत पानांवर तेलकट डाग दिसले. फिक्कट पिवळे, रुपयाएवढे, उजेडात धरलं तर तेल सांडल्यासारखे. खालून पान स्वच्छ होतं, म्हणून खात्री होईना. चार पानं तोडली, ओल्या कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात बंद करून रात्रभर ठेवली. सकाळी झाकण काढलं तर प्रत्येक डागाच्या बरोबर खाली पांढरी लव आली होती, साखरेची पूड भुरभुरल्यासारखी. ही चाचणी फुकट आहे आणि कुठल्याही ॲपपेक्षा खात्रीची आहे. ओढ्याकडच्या सहा ओळींतले बरेच घड त्यात गेले. कंपनीला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, ॲपमध्ये 'केवळ मार्गदर्शनासाठी' असं लिहिलेलं आहे. याचा मला खरोखर राग आला. आकडा चुकीच्या जागेवरून घ्यायचा आणि जबाबदारी शेतकऱ्यावर टाकायची, हे बरोबर नाही.

मग मी आणि आमच्या ह्यांनी पट्टी स्वतः हलवली. घडाच्या उंचीवर, पानांच्या आत, उत्तरेकडे तोंड करून, साधारण 45 अंशांत तिरपी, म्हणजे पाणी साचून राहत नाही आणि थेट ऊनही लागत नाही. तीन सकाळी मी शेजारच्या पानांवर नजर ठेवून बसले. पट्टी आणि पानं सुकण्यात पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला नाही. तिथून पुढे या यंत्रावर माझा विश्वास बसला.

दुसरी अडचण वायरलेसची. खांबावरून घराच्या गच्चीवरच्या डब्यापर्यंत माहिती येते ती लोरा नावाच्या तंत्राने. हे तंत्र मला फार आवडलं. आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ते बिनपरवाना चालतं. प्रत्येक संदेश म्हणजे खालच्या सुरातून वरच्या सुरात चढत जाणारी शीळ. पावशा कसा चढत चढत ओरडतो आणि दोन शेतांपलीकडे, वाऱ्याच्या आवाजातही ती हाक ओळखू येते, तसंच. चढण ओळखीची असल्याने गोंगाटात बुडालेली हाकही पलीकडचा डबा वेचून काढतो. म्हणून चिमूटभर विजेत ते लांब जातं आणि खांबावरची बॅटरी टिकते. हे तंत्र फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात सायक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीने उभं केलं, ती 2012 साली अमेरिकेच्या सेमटेकने घेतली. आपलं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रणही फ्रान्सचंच. बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत, आणि त्याच वेलींना डाऊनी येत नाही हे मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. 1885 साली त्याने ते जाहीर केलं. सुकेण्याच्या बागेत दोन्ही एकाच रोगासाठी एकत्र आले, याचं मला अप्रूप वाटतं.

तर अडचण अशी की गच्चीवरचा डबा घरच्या विजेवर चालतो. अवकाळीत पहिल्यांदा जाते ती वीज. खांब आपला संदेश पाठवत राहतो, ऐकायला कुणी नाही, आणि आमच्या यंत्रात मागचे आकडे साठवायची सोय नाही. एका रात्री 11 ते पहाटे 5 पर्यंतचा आलेख कोरा, आणि नेमकी तीच रात्र हवी होती. राउटरला लावतात तो छोटा यूपीएस आणून जोडला, प्रश्न मिटला. तो कंपनीनेच द्यायला हवा होता.

फवारण्यांचं सांगते. चुलत दिरांची बाग बांधाला बांध लागून, तीच जात, छाटणीत दोन दिवसांचा फरक. मणी धरेपर्यंत डाऊनीसाठी त्यांच्या 14 फवारण्या झाल्या, आमच्या 10. ओढ्याकडचा कोपरा सोडला तर रोग दोघांकडे सारखाच. चार फवारण्या म्हणजे औषध, डिझेल, ब्लोअर (फवारणीचं यंत्र) आणि माणूस. शिवाय द्राक्षात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचा प्रश्न आहेच. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली ते आबांना अजून टोचतं. आणि एक गोष्ट जी आपल्यात फारशी बोलली जात नाही: स्ट्रोबिल्युरिन गटातली बुरशीनाशकं डाऊनीवर निकामी व्हायला रोगाच्या एका प्रथिनात एवढासा बदल पुरतो, 143 व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी अलॅनिन. आपण जितक्या वेळा गरज नसताना तोच गट मारतो, तितकं त्या बदललेल्या रोगाला रान मोकळं करून देतो.

भुरी या द्राक्षाच्या दुसऱ्या रोगासाठी मात्र या पट्टीचा उपयोग नाही. भुरीला पानावर पाणी लागतच नाही, म्हणून ॲपमध्ये भुरीचा धोका ओलाव्यावरून काढत असतील तर तो बाजूला ठेवा. डाऊनीचं गणित कुठलं वापरता हेही विचारा. इटलीतला जुना नियम आहे, 10 अंश तापमान, 10 मिलिमीटर पाऊस आणि 10 सेंटिमीटर वाढलेली कोवळी फांदी, हे तिन्ही जुळलं की धोका. आपल्याकडे ऑक्टोबरात 10 अंशांची अट रोजच पूर्ण होते, मग फांदी वाढली की 10 मिलिमीटरच्या प्रत्येक पावसाला तो नियम घंटा वाजवणार. मी ॲपचा रंग बघणं सोडलं. ओल्या पानाचे तास आणि रात्रीचं तापमान वहीत उतरवते आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याशी ताडून निर्णय घेते.

मातीतले सेन्सर ठीक. वाऱ्याचा आकडा ब्लोअर कधी काढायचा यासाठी बरा पडतो.

मला पुढे खरी ओढ आहे ती लॅम्प चाचणीची. जपानमध्ये 2000 साली निघालेली ही पद्धत रोगाचा डीएनए साधारण 65 अंशांच्या एकाच तापमानावर वाढवते, महागडं मशीन लागत नाही, आणि योग्य रसायन घातलं तर नळीतला रंगच बदलतो. हवेतले बीजाणू धरणाऱ्या सापळ्याला ती जोडली तर डाग दिसण्याआधी रोग कळेल. असं काही तालुक्याच्या ठिकाणी कुणी सुरू केलं तर पहिला नमुना माझा.

यंत्राचे पुढच्या वर्षाचे साडेपाच हजार भरले आहेत. सोबत दुसरी पट्टी मागवलीय, ती ओढ्याकडच्या तिसऱ्या ओळीत घडाच्या उंचीवर बसेल. बसवायला त्यांचा माणूस येईल तेव्हा मी तिथे उभी असेन.