पालथं पडणारं बाळ रात्री कुठे निजवावं: झोळीत की सपाट गादीवर?
साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात बाळ पालथं पडू लागतं आणि झोळीचा धोका वाढतो. झोक्याने बाळ पटकन झोपतं हे खरंच. पण कापड मध्ये खोल जातं, हनुवटी छातीला टेकते, नाक कापडात रुतलं तर बाळाला परत वळता येत नाही. म्हणून रात्री सपाट, घट्ट गादीच: दाबून सोडली की लगेच वर येणारी, चादर ताणून खोचलेली. मोहरीची उशी, लोड, सैल दुपटी गादीवर नकोत. दुपट्यात बांधणंही बंद, हात मोकळे हवेत.

गादीवर सुरुवातीला बाळ पालथं होऊन अडकतं, रडतं. निजवताना नेहमी उताणंच ठेवा. उताण्यावरून पालथं आणि पालथ्यावरून उताणं, असं दोन्हीकडे वळता येत नसेल तर हलकेच उताणं करा. येत असेल तर तसंच झोपू द्या. दिवसा जागेपणी वळण्याचा सराव द्या.