खाणीच्या तोंडावरचा उभा उतार: भराव, टप्पे, गॅबियन की खिळे?

भूमिगत कोळसा खाण बंद झाली की तोंडाशी तीन गोष्टी उरतात: डोंगर कापून उघडा पडलेला कडा, त्याच्यापुढची सपाट जागा आणि त्या जागेच्या काठावरून खाली ढकललेला मुरूम-दगड. डोळ्यांत भरतो तो कडा. घसरतो मात्र बहुधा काठाखालचा ढिगारा, कारण तो झाडोरा न काढता आणि रोलर न फिरवता टाकलेला असतो. खाली गाडलेला पालापाचोळा कुजून तिथे आयती घसरपट्टी तयार होते.

हा उतार स्थिर करण्याचे चार पर्याय पुढे आहेत; त्यांतला एक निवडण्याआधी पाण्याचा हिशेब मांडा. शेल (चिखलापासून बनलेला थरांचा खडक) आणि वालुकाश्माच्या भरावाचा घर्षणकोन (ज्या उतारापर्यंत सुटा माल घर्षणाने टिकतो तो कोन) 35° धरला आणि उतार 2 आडवे : 1 उभे (26.6°) ठेवला, तर कोरड्या स्थितीत सुरक्षा गुणांक (धरून ठेवणारं बल भागिले घसरवणारं बल; 1 च्या खाली गेला की उतार घसरतो) या दोन कोनांच्या टॅन्जंटच्या भागाकाराने, 0.70 ÷ 0.50 म्हणजे 1.4 येतो. तोच भराव पृष्ठभागापर्यंत पाण्याने भरला आणि पाझर उताराला समांतर वाहू लागला, की गुणांक जवळपास निम्मा होतो, 0.7. म्हणजे तो उतार उभा राहणारच नाही. 1.5 : 1 चा उतार तर कोरडा असतानाही 1.05 वर तग धरून असतो. अमेरिकी नियमांत डोंगराचा मूळ चढ परत आणणाऱ्या भरावाला किमान 1.3 लागतो. उतार ठरवताना हा आकडा समोर ठेवावा.

कोळशाच्या थराचा कल तोंडाकडे असेल, तर बंद खाणीतलं पाणी तोंडाशीच येणार. तिथे घट्ट बूच मारणं ही सर्वांत महाग चूक. मागे 15 मीटर पाणी साचलं की बुचावर सुमारे 150 किलोपास्कल दाब येतो. बूच टिकलं तरी पाणी बाजूच्या भेगांतून भरावात शिरतं. भिंतीतून नळी काढावी आणि तिला वाक द्यावा, म्हणजे पाणी बाहेर येईल पण हवा आत जाणार नाही. सोबत एक जादा नळी हवीच, कारण लोहाचा तांबडा गाळ पहिली नळी हळूहळू बुजवतो.

पूर्ण भराव. जवळ पुरेसा मुरूम असेल आणि तोंड पुन्हा कधी उघडायचं नसेल, तर हाच पर्याय पहिला. कडा झाकला जातो, कोळशाचा उघडा थरही गाडला जातो. त्या थरावर न जळणाऱ्या मातीचं किमान 1.2 मीटर आवरण द्यावं, नाहीतर आग आतल्या आत धुमसत राहते. झाडोरा काढून मूळ उतारात पायऱ्या कोरायच्या, पायथ्याला निचऱ्यासाठी दगडी चर द्यायचा आणि माती 30 ते 60 सेंटिमीटरच्या थरांत दाबत वर यायचं. वरचा मीटरभर थर मात्र मुद्दाम सैल ठेवायचा. रोलरने घट्ट केलेल्या मातीत झाड मूळ धरत नाही. अडचण एवढीच की काठाखालचा ढिगारा वर ओढून आणताना यंत्र कुठे उभं करायचं, हे आधी ठरवावं लागतं.

टप्पे पाडणं. वर जागा असेल आणि खडक बरा असेल तर हे स्वस्तात होतं. दर 6-8 मीटर उंचीला 3 मीटर रुंद टप्पा घेऊन त्याला आतल्या बाजूला ढाळ द्यावा. कड्याच्या माथ्यापासून 2-3 मीटर मागे चर खणून त्याला पाणी न झिरपू देणारं अस्तर द्यावं. अस्तर नसलेला चर माथ्यालाच पाणी पाजतो. कोळसा उघडाच राहतो, ही या पर्यायाची उणीव.

गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेली भिंत. पायथ्याशी जागा कमी असली की याचा आधार. पाया उंचीच्या 0.5 ते 0.7 पट रुंद, भिंत सुमारे 6° डोंगराकडे झुकलेली, आत 100-200 मिलिमीटरचा दगड आणि मागे जिओटेक्स्टाईल (पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड). खाणीचं पाणी आम्लधर्मी असेल तर नुसती जस्ताची तार लवकर खाल्ली जाते. पीव्हीसी आवरणाचीच जाळी घ्यावी. पायथ्याखाली ढिला ढिगारा असेल तर गॅबियन हे फक्त वाढीव ओझं ठरतं.

सॉइल नेल (उतारात भोक पाडून सिमेंटने बसवलेले सळईचे खिळे) आणि शॉटक्रीट (दाबाने फवारलेलं काँक्रीट). तोंड वापरात ठेवायचं असेल तरच हे परवडतं. 100 मिलिमीटरच्या भोकात 25 किंवा 32 मिलिमीटरची सळई, अंतर सुमारे 1.5 मीटर, लांबी भिंतीच्या उंचीच्या 0.6 ते 1 पट, कल खाली 10-15°. वर जाळी आणि 100 मिलिमीटर शॉटक्रीट. पाणी निघायला भोकं आणि मागे निचरापट्ट्या ठेवल्या नाहीत, तर मागचं पाणी शॉटक्रीटची सालं सोडवतं. सल्फेटयुक्त पाण्यात साधं सिमेंट चालत नाही.

यांपैकी काहीही निवडलं तरी गवत आणि काथ्याची जाळी लागतेच. मात्र मुळं वरचा मीटर-दोन मीटर थरच धरतात, खोल घसरण थांबवत नाहीत. पेरणीपूर्वी डोझर उतारावर वर-खाली चालवावा. त्याच्या पट्ट्यांचे आडवे ओरखडे पाणी अडवतात; आडवा चालवला तर ते उभे पडतात आणि त्यांच्याच घळी होतात.

पहिल्या मोठ्या पावसानंतर निचऱ्याच्या नळीचं पाणी बाटलीत धरून पाहा. गढूळ असेल, तर भरावातली बारीक माती वाहून चालली आहे. तो भाग उघडून फिल्टरचा थर (निचऱ्याभोवतीचा, माती अडवून पाणी सोडणारा) दुरुस्त करेपर्यंत वरची पेरणी थांबवावी.