सीडर, पीटी की कॉम्पोझिट: बर्फाच्या मुलखात डेक बांधण्याआधी

कॅनडातल्या ऑन्टॅरिओत घर घेतलं की दोन-तीन उन्हाळ्यांत मागच्या अंगणातल्या डेकचा, म्हणजे फळ्यांच्या उघड्या ओट्याचा, विषय निघतोच. मे महिना उजाडतो, शेजारी बार्बेक्यू पेटवतात आणि घरात वाद सुरू होतो: सीडरचं लाकूड घ्यायचं, प्रेशर ट्रीटेड, म्हणजे दाबाने औषध मुरवलेलं लाकूड (इथे सगळे त्याला पीटीच म्हणतात) घ्यायचं की लाकडाचा भुगा आणि प्लास्टिकचं कॉम्पोझिट? वाद रंगतो तो वरच्या फळ्यांवरून. पण टोरांटो, ऑटवा किंवा मिनियापोलिससारख्या ठिकाणी डेक बिघडतो तो बहुधा खालून. जमीन उचलली जाते, घराला लावलेली आडवी फळी मागच्या बाजूने कुजते, खिळे सैल होतात. म्हणून आधी खालचं बघू आणि मग फळ्यांकडे येऊ. हात आखडायचाच असेल तर फळ्यांवर आखडा, पायाच्या कामात नको, हे माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते.

जमिनीखाली काय

गोठताना पाणी साधारण ९ टक्क्यांनी फुगतं, पण खरा उपद्रव त्याच्या पुढचा आहे. चिकणमाती आणि बारीक गाळाची माती खालचं पाणी वर ओढत राहते आणि जमिनीत बर्फाचे थर जाड होत जातात. त्यांच्यावर टेकलेलं जे असेल ते वर उचललं जातं. बर्फ वितळल्यावर ते खाली येतं, पण पूर्वीच्याच जागी बसेल याचा भरवसा नाही. दक्षिण ऑन्टॅरिओत ही गोठण साधारण १.२ मीटर, म्हणजे चार फूट खोल जाते असं धरून पाया घेतात. मिनेसोटाचा नियम दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच सांगतो. त्यातही अंगणावर साचलेला बर्फ जमिनीवर गोधडीचं काम करतो. डेकखाली तो पोचत नाही, त्यामुळे तिथली उघडी माती शेजारच्या हिरवळीपेक्षा जास्त खोल गोठते.

सगळ्यात स्वस्त म्हणजे दुकानात मिळणारे काँक्रीटचे ठोकळे जमिनीवर ठेवून त्यावर डेक बसवणं. जमिनीलगतच्या, घरापासून सुट्या, लहान डेकला ते चालतं. हिवाळ्यात सगळा डेक थोडा वर-खाली होईल, एप्रिलमध्ये एखाद्या कोपऱ्याला पाचर मारावी लागेल, इतकंच. मात्र ठोकळ्यांवरचा डेक घराला जोडणं म्हणजे एक बाजू स्थिर आणि दुसरी हलती. मग सांधा कधीतरी फाटणारच.

पुठ्ठ्याच्या नळीत, म्हणजे सोनोट्यूबमध्ये, ओतलेलं काँक्रीट हा जुना, खात्रीचा आणि स्वतः करता येण्याजोगा मार्ग आहे. पण चिकणमातीत चार-चार फुटी खड्डे खणणं ही कंबरेची परीक्षा असते आणि निघालेली माती टाकायची कुठे हा प्रश्न उरतोच. यात एक बारकावा आहे. नळी न वापरता खड्ड्याच्या खडबडीत भिंतींनाच साचा मानून काँक्रीट ओतलं, तर गोठलेली माती त्या बाजूंना घट्ट धरते आणि अख्खा खांब वर ओढते. नळी गुळगुळीत हवी आणि गोठणीच्या पातळीखाली तळ रुंद हवा, म्हणजे वरची माती तो तळ दाबून धरते.

तिसरा पर्याय हेलिकल पाइलचा. टोकाशी स्क्रूसारखं पातं असलेला हा पोलादी खांब छोट्या यंत्राने जमिनीत पिळत नेतात. माती निघत नाही, काँक्रीट सुकायची वाट नाही, त्याच दिवशी वरचं काम सुरू करता येतं. पिळायला किती जोर लागला यावरून खांब किती भार पेलेल तेही कळतं. एका खांबाचा खर्च सोनोट्यूबपेक्षा जास्त, आणि जमिनीत मोठे दगड असतील तर खोळंबा होतो. कंत्राटदाराकडूनच काम करून घेणार असाल तर मी हेलिकल सुचवेन. स्वतः करणार असाल आणि मदतीला दोन धडधाकट मित्र असतील, तर सोनोट्यूब.

घराला जोडायचा की सुटा ठेवायचा

घराला जोडला की खांबांची एक रांग वाचते. पण टोरांटोच्या आसपासच्या बहुतेक घरांची बाहेरची विटांची भिंत भार वाहत नाही. ती एका विटेच्या जाडीची पडदी असते आणि खरी भिंत तिच्यामागच्या लाकडी सांगाड्याची. त्या विटांना डेकचं वजन टांगायचं नसतं. अशा घराला चारही बाजूंनी स्वतःच्या खांबांवर उभा असलेला सुटा डेक बरा. थोडा खर्च वाढतो, पण भिंतीला भोकं पडत नाहीत आणि मागे पाणी मुरायची भीती राहत नाही.

बाहेरून लाकडी किंवा व्हिनाइलच्या पट्ट्यांचं आवरण (साइडिंग) असलेल्या घराला जोडणार असाल, तर लेजर, म्हणजे भिंतीला लावलेली ती आडवी फळी, बोल्टनेच बसवायची. नुसत्या खिळ्यांवर नाही. डेक कोसळण्याच्या घटनांत हा सांधा सुटणं हे नेहमी दिसणारं कारण आहे. लेजरच्या वर फ्लॅशिंगची, म्हणजे मागे पाणी शिरू न देणारी, पट्टी हवीच. डेकची पातळी दाराच्या उंबऱ्यापेक्षा काही इंच खाली ठेवा, नाहीतर जानेवारीत साचलेला बर्फ वितळून थेट घरात येतो.

वजनाचाही हिशोब करून बघा. १२ बाय १६ फुटांचा डेक म्हणजे जवळपास १८ चौरस मीटर. त्यावर अर्धा मीटर बसलेला बर्फ असेल आणि त्याची घनता घनमीटरला २५० किलो धरली, तर सव्वादोन टन भार होतो. ओला, जुना बर्फ याहून बराच जड असतो. सर्वसाधारण डेक चौरस मीटरला सुमारे १९५ किलो भार धरून आखतात. छपरावरून घसरणारा बर्फ जिथे पडतो तिथे तेवढं पुरत नाही. नकाशा काढणाऱ्याला छपराचा उतार कुठल्या बाजूला आहे ते आवर्जून दाखवा.

आता फळ्या

सांगाडा, म्हणजे खांब, तुळया आणि फळ्यांखालचे जॉइस्ट, पीटीचाच करतात, वर काहीही असो. ‘सीडरचा डेक’ म्हणजे खाली पीटी आणि वर सीडर, असंच बहुतेकदा समजायचं.

फळ्याही पीटीच्याच घेतल्या तर सगळ्यात कमी खर्च. कॅनडातलं पीटी बहुधा स्प्रूस किंवा हेमलॉकसारख्या लाकडाचं असतं. त्यात औषध सहज मुरत नाही, म्हणून त्यावर बारीक चिरा पाडलेल्या दिसतात, आणि तरीही औषध वरच्या थरातच राहतं. कापलेलं प्रत्येक टोक परत औषध लावून बंद करावं लागतं. घाईत नेमकं हेच राहून जातं. फळ्या ओल्या येतात, वाळताना आकसतात, पिळतात, चिरतात. त्यांचे तुकडे शेकोटीत जाळायचे नाहीत. जुनं घर घेत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा: २००३ अखेरपर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिक असलेलं औषध वापरत. तो डेक तासायचा नाही आणि त्याचा भुस्सा उडवायचा नाही.

सीडर म्हणजे इथे वेस्टर्न रेड सीडर, ब्रिटिश कोलंबिया आणि वॉशिंग्टनच्या किनारपट्टीतलं. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक द्रव्यं असतात, त्यामुळे बुरशी सहजी लागत नाही. हे गाभ्याचं झालं. सालीलगतचा पांढरट भाग इतर लाकडासारखाच कुजतो, म्हणून ढिगातून फळ्या निवडताना पांढरे पट्टे असलेल्या बाजूला काढा. ओलाव्याने हे लाकूड फार कमी फुगतं-आकसतं, आणि जिथे दर आठवड्याला बर्फ पडतो, वितळतो आणि परत गोठतो, तिथे हा मोठा गुण. वजनाला हलकं, कापायला लोण्यासारखं, वास सुरेख. पण तो वास देणाऱ्या लाकडाचा भुस्सा दम्याला कारण ठरू शकतो, म्हणून कापताना मास्क लावाच.

दोष म्हणजे ते मऊ आहे. खुर्चीच्या पायाचा, धातूच्या फावड्याचा, कुत्र्याच्या नखांचा ओरखडा उठतो. साधे स्क्रू वापरले तर लाकडातल्या टॅनिनमुळे प्रत्येक स्क्रूखाली काळा ओघळ येतो. स्टेनलेस स्टीलच वापरा. आणि काही केलं नाही तर वर्षभरात उन्हाने राखाडी पडतं. तो रंग मला आवडतो, पण ज्यांनी दुकानातला तांबूस रंग बघून पैसे मोजले ते हिरमुसतात. रंग टिकवायचा तर दर दोन-तीन वर्षांनी धुऊन, वाळवून स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावणं आलं. प्रेशर वॉशरचा जोर मोठा ठेवला तर मऊ लाकडाचे तंतू उभे राहतात. तेलाच्या स्टेनने भिजलेली फडकी बोळा करून गॅरेजमध्ये टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळू द्या.

कॉम्पोझिट म्हणजे लाकडाचा भुगा आणि प्लास्टिक यांची फळी, चांगल्या प्रतीला वरून प्लास्टिकचं कवच. कुजत नाही, कुसळ टोचत नाही, स्टेन लावायला नको, हमी बहुधा २५ वर्षांची. पण ‘देखभाल शून्य’ हे विक्रेत्याचं बोलणं; पराग आणि धूळ साचली की त्यावरही बुरशीचे डाग पडतात, धुवावं लागतंच. थंडी-उन्हात फळीची लांबी बदलते, म्हणून टोकाशी किती फट ठेवायची ते बसवताना हवा किती गार आहे त्यावर ठरतं. आणि जुलैत गडद रंगाचं कॉम्पोझिट अनवाणी चालवत नाही इतकं तापतं. आपण घरातून अनवाणीच बाहेर येणारी माणसं, त्यामुळे हा मुद्दा मला छोटा वाटत नाही. कुरडया वाळवायला मात्र तीच फळी झकास! हळदीचा डाग दोन्हींवर उन्हाने विटतो. फोडणीच्या तेलाचा डाग सीडरमध्ये मुरतो, कवचाच्या कॉम्पोझिटवरून साबणाने निघतो.

किमतीचा क्रम साधारण असा: पीटी सगळ्यात खाली, गाठींचं सीडर त्याच्या बरंच वर, चांगलं कॉम्पोझिट त्याहून वर. बिनगाठीचं सीडर मात्र कॉम्पोझिटलाही मागे टाकू शकतं. डेकला गाठींचं पुरे. गाठी घट्ट बसलेल्या आहेत ना, एवढं बघा.

घरात कुणाला तरी दोन-तीन वर्षांनी ब्रश हातात घ्यायची हौस असेल, किंवा राखाडी रंग चालणार असेल, तर सीडर घ्या. शनिवार-रविवार मुलांच्या सॉकरमध्ये जात असतील तर कॉम्पोझिट. पाच-सात वर्षांत घर बदलायचा विचार असेल तर पीटी, आणि वाचलेले पैसे पायात.

हिवाळ्यात

फावडं प्लास्टिकचं, आणि फळीच्या लांबीच्या दिशेने चालवायचं. खालचा पातळ थर राहू द्या, तो उन्हाने जातो. सीडरवर मीठ टाळा, वाळू टाका. कॉम्पोझिटवर उलट: वाळूने ओरखडे पडतात, तिथे बर्फ वितळवायला कॅल्शियम क्लोराइड चालतं, पण कंपनीची पुस्तिका बघून. तुळशीसकट सगळ्या कुंड्या ऑक्टोबरमध्येच आत घ्या किंवा पायांवर उचलून ठेवा. लाकडावर टेकलेल्या कुंडीखाली ओलावा कधीच सुकत नाही.

परवाना आणि दरपत्रक

घराला जोडलेल्या किंवा उंच डेकला बहुतेक नगरपालिकांत परवाना लागतो. ऑन्टॅरिओत जमिनीपासून ६०० मिलिमीटरपेक्षा उंच डेकला कठडा हवा. १.८ मीटर उंचीपर्यंतच्या डेकला ९०० मिलिमीटरचा, त्याहून उंच असेल तर १०७० मिलिमीटरचा, आणि कठड्यातल्या फटी १०० मिलिमीटरच्या आतल्या. खणण्याआधी ऑन्टॅरिओ वन कॉलला कळवलं की जमिनीखालच्या गॅस-विजेच्या वाहिन्यांच्या खुणा फुकट करून देतात. अमेरिकेत यासाठी ८११ हा नंबर आहे. कंत्राटदाराकडून दर मागवताना पाया, सांगाडा, फळ्या आणि कठडा यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. पायाची खोली आणि स्क्रूचा धातू कागदावर असू द्या. एकच गोळाबेरीज आकडा देणाऱ्याला परत विचारा, आणि त्याने टाळलं तर दुसरा बघा.